विटेची कमान आणि काँक्रीटचा पट्टा

अहमदाबादच्या आयआयएमच्या जुन्या आवारात विटांच्या कमानी तऱ्हेतऱ्हेच्या आहेत. काही अर्धगोल, काही पूर्ण वर्तुळाच्या, आणि बऱ्याच इतक्या चपट्या की त्यांना कमान म्हणावे का असा प्रश्न पडावा. चपट्या कमानींची दोन टोके जोडणारा एक आडवा काँक्रीटचा पट्टा दिसतो. घाईत पाहिले तर तो खिडकीवरचा लिंटल वाटतो, पण त्याचे काम अगदी वेगळे आहे.

अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांनी १९६२ मध्ये हे काम हाती घेतले. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी त्यांच्यासोबत होते, आणि १९७४ मध्ये कान यांच्या निधनानंतर अनंत राजे यांनी उरलेले काम पुढे नेले. स्टील आणि सिमेंट महाग, वीट आणि गवंडी हाताशी, अशी तेव्हाची स्थिती. त्यामुळे भिंती भार पेलणाऱ्या, उघड्या विटांच्या बांधल्या गेल्या.

वीटकाम दाब उत्तम सोसते, पण ओढले तर सांध्यातून सुटते. ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या एकदशांशही नसते. कमानीत प्रत्येक वीट शेजारच्या विटेवर दाबली जाते, म्हणून कमान टिकते. मात्र वरचा भार कमानीतून खाली उतरताना टेकूंना बाहेरही ढकलतो. कमान जितकी चपटी, तितका हा रेटा मोठा.

ढोबळ गणित करून पाहू. कमानीचा गाळा (दोन टेकूंमधले अंतर) ४ मीटर, वरून दर मीटरला २ टन भार. आडवा रेटा काढायला भार गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले उंचीची आठपट. अर्धगोल कमानीची उंची २ मीटर, म्हणजे रेटा सुमारे २ टन. उंची ४० सेंटिमीटरवर आणली की तोच रेटा १० टन होतो. रांगेतल्या मधल्या कमानींना शेजारची कमान उलट रेटा देते. इमारतीच्या कोपऱ्यावरच्या कमानीला तसा शेजार नसतो. तिथला टेकू काही मिलिमीटर सरकला तरी कमानीचा माथा खाली बसतो, मधोमध खालच्या बाजूने भेग पडते आणि टेकूंजवळ वरच्या बाजूने सांधे उघडतात.

काँक्रीटचा पट्टा धनुष्याच्या दोरीसारखा ही दोन टोके आत ओढून धरतो. १० टन ताणासाठी त्या काळच्या साध्या पोलादाच्या १६ मिलिमीटरच्या चार सळया पुरतात. त्यामुळे टेकूंच्या भिंती अवाढव्य कराव्या लागत नाहीत आणि खोलीला रुंद तोंड मिळते. विटेला कमान व्हायला आवडते, असे कान म्हणत. इथे त्यांनी विटेला दाबाचे आणि काँक्रीटमधल्या पोलादाला ताणाचे काम दिले, आणि दोन्ही उघडपणे दिसू दिले. संपूर्ण आवारात मला हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. पूर्ण वर्तुळाच्या तोंडात खालचा अर्धा भाग म्हणजे उलटी कमान असते. ती दोन्ही बाजूंनी येणारा भार खालच्या भिंतीवर पसरवते.

दुखणे मात्र दुसऱ्या पोलादाने आणले. भूकंपाचा विचार करून विटांच्या सांध्यांतही सळया घातल्या होत्या. चांगल्या काँक्रीटचा सामू (pH) १२ च्या वर असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात पोलादावर पातळ संरक्षक थर टिकतो. विटांच्या सांध्यातला माल (मॉर्टर) पातळ आणि सच्छिद्र असतो. शिवाय वीट पाणी पिते: भारतीय मानकानुसार सामान्य विटेने २४ तासांत वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषले तरी चालते. पावसाळ्यामागून पावसाळे ओल सळईपर्यंत पोचते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट असते, आणि सेंटिमीटरभर सांध्यात त्याला जागा नसते. मग विटांचे तोंड फुटते, भिंत फुगते. भेगांतून पाणी आणखी आत शिरते. जोडीला लोणा लागतो: पाण्यातले क्षार पृष्ठभागाजवळ स्फटिक होतात आणि विटेचे पापुद्रे काढतात. २००१ च्या भुज भूकंपाचे हादरेही या भिंतींनी सोसले.

डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने १८ पैकी १४ वसतिगृहे पाडण्याचा विचार जाहीर केला. जगभरातून विरोध झाल्यावर काही दिवसांत तो मागे घेतला, पण २०२२ मध्ये पुनर्बांधणीचा निर्णय पुन्हा पुढे आला. याच आवारातल्या विक्रम साराभाई ग्रंथालयाची दुरुस्ती मुंबईच्या ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यालयाने केली आणि त्या कामाला २०१९ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. म्हणजे या विटा वाचवता येतात, हे इथेच सिद्ध झाले होते.

अशा भिंतीची दुरुस्ती वरून सुरू करायची असते. आधी गच्चीची गळती आणि पावसाळी पाइप नीट करायचे, नाहीतर खालचे काम दोन पावसाळ्यांत वाया जाते. मग भिंतीला टेकू देऊन एका वेळी थोड्याच फुटलेल्या विटा काढायच्या, गंजलेली सळई कापायची, आणि गरज असेल तिथे स्टेनलेस स्टीलची घालायची. नव्या विटेचा नुसता रंग जुळून भागत नाही. पाणी शोषण्याचे प्रमाण आणि मापही जुळायला हवे. दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, भरताना घट्ट सिमेंटचा माल वापरू नये. माल विटेपेक्षा कठीण झाला की ओल सांध्यातून न सुटता विटेतून बाहेर पडते आणि विटेचेच तोंड झडते. वरून प्लास्टिकसारखा जलरोधक रंग लावणे त्याहून वाईट, कारण आत शिरलेले पाणी मग भिंतीतच अडकते.