इंधन घट

इंधन न जाळता त्यातील रासायनिक ऊर्जेपासून थेट वीज मिळवून देणारे साधन. तत्त्व साध्या विद्युत घटाचेच, म्हणजे रोजच्या वापरातल्या सेलचे: दोन पदार्थांची अभिक्रिया घडू द्यायची, पण त्यांची थेट गाठ पडू द्यायची नाही. एक पदार्थ इलेक्ट्रॉन सोडतो, दुसरा ते घेतो. दोहोंमधला विद्युत अपघटनी पदार्थ आयनांना (विद्युतभारित कणांना) वाट देतो, इलेक्ट्रॉनांना मात्र अडवतो. मग इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वळसा घालून जातात आणि वाटेत दिवा लावतात.

कोरड्या घटात जस्ताचे भांडे हाच ऋण ध्रुव असतो. मधोमध कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइड व कार्बनची काळी भुकटी आणि नवसागराचा ओलसर लगदा. एवढ्या साध्या सामग्रीतून सुमारे १.५ व्होल्ट मिळतात. वीज देता देता जस्त झिजते. जुना सेल गळतो तो बहुधा यामुळेच.

इंधन घटात असे काही संपत नाही, कारण पदार्थ बाहेरून येत राहतात: एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा. मध्ये बहुवारिकाचा (पॉलिमरचा) पातळ पापुद्रा, तोच इथला विद्युत अपघटनी पदार्थ. प्लॅटिनमच्या सूक्ष्म कणांवर हायड्रोजनचा रेणू फुटून प्रोटॉन व इलेक्ट्रॉन सुटे होतात. प्रोटॉन पापुद्र्यातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉन तारेने येतात, आणि ऑक्सिजनशी मिळून पाणी बनते. सैद्धांतिक विद्युत दाब १.२३ व्होल्ट, प्रत्यक्ष भाराखाली तो ०.७ च्या आसपास उतरतो, म्हणून अनेक घटांची चवड रचावी लागते.

ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये सल्फ्युरिक आम्लात प्लॅटिनमच्या पट्ट्या ठेवून हे दाखवले. त्याचा मोठा उपयोग व्हायला अंतराळयुग उजाडावे लागले: अपोलो यानांना इंधन घटांनी वीज दिली आणि त्यांत तयार झालेले पाणी अंतराळवीर प्याले. भारतात २०२२ मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व केपीआयटी ही कंपनी यांनी विकसित केलेली इंधन घटावरची बस सादर झाली. १ जानेवारी २०२४ रोजी सोडलेल्या पीएसएलव्ही-सी५८ मोहिमेत इस्रोने असा घट अवकाशात चालवून पाहिला.

खरी अडचण घटात कमी, हायड्रोजनमध्ये जास्त आहे. आज तो मुख्यतः नैसर्गिक वायू व कोळशापासून बनतो, म्हणजे कार्बन डायऑक्साइड कारखान्यात सुटलेलाच असतो. शिवाय अशा हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अंश राहिला, तर तो प्लॅटिनमच्या कणांना चिकटून बसतो आणि घट मंदावतो.