दगडफूल (शैवाक) : निसर्गातली कामं

दगडफूल, शैवाक : बुरशी आणि शैवाल कायमचे एकत्र राहून जो सजीव तयार होतो तो. पुस्तकी मराठीत शैवाक, कॉलेजात लायकेन. काळ्या तिखटात पडतं ते दगडफूल याच गटातलं, त्यामुळे ते दिसतं कसं हे इथे सांगत बसत नाही. बुरशी अंग बनवते, पाणी धरते, उन्हाला आडोसा देते आणि आत राहणारं हिरवं शैवाल किंवा निळेहिरवे जीवाणू (सायनोबॅक्टेरिया) उजेडावर साखर बनवून तिला पोसतात. जगभरात २०,००० च्या आसपास जाती धरल्या जातात. जमिनीच्या ६ ते ८ टक्के भागावर मुख्य वाढ शैवाकांचीच आहे असंही बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं, त्यात टुंड्राचा वाटा मोठा, पण तो अंदाजच समजावा.

जोडीचा वाद. ही दोघांची जोडी आहे हे स्विस वनस्पतीशास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडलं, आणि त्यात बुरशी मालक नि शैवाल गुलाम असं चित्र रंगवलं. त्यावेळचे मोठे शैवाकतज्ज्ञ विल्यम न्यूलांडर यांनी हे शेवटपर्यंत मानलं नाही. गंमत म्हणजे पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली शैवाकं शहराची हवा किती शुद्ध आहे ते सांगतात हे १८६६ मध्ये लिहिणारे न्यूलांडरच, म्हणजे एका बाबतीत काळाच्या पुढे आणि दुसऱ्यात मागे. फ्रँक यांनी १८७७ ला आणि डी बारी यांनी १८७९ ला सहजीवन ही कल्पना रुळवली ती मुख्यतः याच उदाहरणावर. २०१६ मध्ये स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी काही शैवाकांच्या वरच्या सालीत तिसरा भिडू, एक वेगळ्याच गटातलं यीस्ट, दाखवून दिला आणि पेपरांत 'दीडशे वर्षांची समजूत मोडली' असे मथळे आले. पुढच्या तपासण्यांत ते यीस्ट सगळ्या शैवाकांत सापडलं नाही, त्यामुळे मूळ जोडी दोघांचीच आणि बाकीचे असले तर असले, असं धरणं सध्या जास्त बरं.

किती जुनं. इथे मतं फार लांबलांब आहेत. स्कॉटलंडमधल्या रायनी गावच्या जीवाश्मांतलं विनफ्रेनॅशिया साधारण ४० कोटी वर्षांपूर्वीचं. चीनमधल्या दौशांतुओ थरांतून २००५ मध्ये साधारण ६० कोटी वर्षांपूर्वीचे शैवाकासारखे अवशेष नोंदवले गेले, आणि त्यावरून जमिनीवर पहिलं पाऊल शैवाकांनी टाकलं, झाडं मागून आली, अशी गोष्ट लोकप्रिय झाली. पण ते अवशेष समुद्राच्या उथळ पाण्यातले आहेत, आणि २०१९ मध्ये नेल्सन आणि सहकाऱ्यांनी बुरशी नि शैवाल दोघांच्याही वंशावळी तपासून आजचे शैवाकांचे गट वाहिन्यावाल्या (अंगात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असलेल्या) वनस्पतींच्या नंतरचे ठरवले. वंशावळीचा पुरावा जास्त भक्कम वाटतो. 'पहिले रहिवासी' हे बिरूद जपूनच वापरावं.

खडक आणि माती. शैवाकं खडक फोडून माती करतात हे शाळेपासून पाठ असतं आणि ढोबळमानाने ते खरंच आहे, प्रश्न आहे वेगाचा. फोडण्याची रीत दुहेरी असते. बुरशीचे तंतू दगडाच्या बारीक फटींत शिरतात, ओल मिळाली की अंग फुगतं, सुकलं की आकसतं, आणि या ओढाताणीत कण सुटे होतात. दुसरीकडे ऑक्झॅलिक आम्लासारखी आम्लं दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह ओढून घेतात, म्हणूनच पुष्कळ शैवाकांच्या अंगात आणि खाली कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक सापडतात.

वेगावरचं भांडण हवाई बेटांवरचं आहे पण आपल्या म्हणजे दख्खनच्या कामाचं आहे, कारण तिथलाही खडक बेसॉल्टच, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण. तिथल्या मौना लोआ ज्वालामुखीच्या १९०७ च्या लाव्हावर जॅक्सन आणि केलर यांना १९७० मध्ये असं दिसलं की स्टेरिओकॉलॉन नावाचं शैवाक जिथे आहे तिथे झिजेचा थर उघड्या दगडापेक्षा कितीतरी जाड आहे. १९९० च्या दशकात कॉक्रन आणि बर्नर म्हणाले की ती झीज नाहीच, वाऱ्याने आणलेली धूळ शैवाकात अडकून बसलीये, आणि शैवाकाचा हात जवळजवळ नगण्य आहे. मग १९९९ ला ब्रॅडी आणि सहकाऱ्यांनी हुआलालाई ज्वालामुखीवर थेट दगडातल्या खनिजांची झीज मोजली, तेव्हा शैवाकाखाली ती जास्तच निघाली, पाऊस आणि तापमानाप्रमाणे कमीजास्त. म्हणजे धुळीचा मुद्दा बरोबर, पण शैवाक रिकामं बसलेलं नाही. प्रस्तुत नोंदीचा कल याच मताकडे आहे.

आता हेच सोलापुरात आणलं तर दख्खनच्या पठाराचा हा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, वरून पाऊस वर्षाला ५००-६०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा, आणि मे महिन्यात पारा चाळीसच्या बऱ्याच वर. झीज ओलाव्यावर चालते, ओलावा इथे वर्षातले थोडेच दिवस, त्यामुळे खडक मऊ करण्याचं काम इथे फार संथ चालणार. भीमा-सीनेकाठची काळी कसदार माती दगडफुलाने केली असं कुणी म्हणालं तर ते फारच झालं, ते काम मुख्यतः पाण्याचं, दीर्घकाळच्या रासायनिक झिजेचं आणि नदीच्या गाळाचं. शैवाकाचं खरं काम उघड्या खडकावर दिसतं, तिथे ते उडती धूळ अडवतं, थोडी ओल धरतं, मेल्यावर कुजून चिमूटभर खत होतं आणि मग मॉस, मग गवत असं रान चढत जातं. अर्थात मुरमाड माळावर जिथे फटी आहेत तिथे गवत थेट फटीतच रुजतं, शैवाकाची वाट बघत नाही.

कोरड्या भागात टिकतात त्या बहुतेक दगडाला कवचासारख्या चिकटलेल्या जाती, करडे, पांढुरके, पिवळसर डाग दिसतात त्या. पानांसारखी मोठी आणि दाढीसारखी लोंबणारी शैवाकं बघायला सह्याद्री गाठावा लागतो. पाणी नसलं की ही मंडळी पूर्ण सुकून निपचित पडतात आणि ओल मिळाली की काही मिनिटांत परत कामाला लागतात. यातही हिरव्या शैवालाच्या जाती नुसत्या दमट हवेवर सुरू होतात, निळ्याहिरव्यांना मात्र प्रत्यक्ष पाणीच लागतं.

जुनी बांधकामं. झीज जी रानात उपयोगी तीच देवळात डोकेदुखी. भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडल इथल्या लेखाचा काळ शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ वाचतात (सर्वात जुना कालोल्लेखित मराठी लेख हा की अक्षीचा यावर एकमत नाही), आणि अशा उथळ कोरलेल्या अक्षरांच्या बाबतीत दगडाचा अर्धा मिलिमीटरसुद्धा महाग पडतो. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासारख्या, बहुधा बहमनी काळातल्या बांधकामात चुन्याच्या दरजा असतात आणि चुना आवडणारी कॅलोप्लाकासारखी नारिंगी-पिवळी शैवाकं अशा जागी चांगली जमतात. पण सगळीकडे ती नुकसानच करतात असं नाही, काही दगडांवर त्यांचं आवरण पाऊस, क्षार आणि ऊन-गारव्याचा मारा कमी करतं असंही आढळलंय. तारेच्या ब्रशने घासून काढलं तर मात्र शैवाकाबरोबर दगडाचा सैल झालेला पापुद्राही निघून येतो, म्हणजे साफसफाईच जास्त नडते.

नायट्रोजन आणि मातीवरचा थर. नॉस्टॉक हा निळाहिरवा जीवाणू बाळगणाऱ्या जाती हवेतला नायट्रोजन पकडून जमिनीला देतात. अमेरिकेच्या वायव्येकडच्या जुन्या डग्लस फर जंगलांत लोबेरिया ओरेगाना नावाचं शैवाक हे काम मोठ्या प्रमाणावर करतं. २०१२ मध्ये एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी शैवाकं, मॉस, शैवाल असे सगळे थर मिळून जमिनीवरच्या जैविक नायट्रोजन स्थिरीकरणाचा जवळपास निम्मा वाटा उचलतात असा हिशोब मांडला, आकडा मोठा आहे आणि त्यात एकट्या शैवाकाचा वाटा वेगळा काढलेला नाही. कोरड्या प्रदेशात हाच थर मातीचे कण बांधून वाऱ्याने उडू देत नाही. खूर किंवा चाक पडलं की तो मोडतो, परत बसायला वर्षानुवर्षं जातात, हे अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटी भागात चांगलं अभ्यासलंय. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या माळाला तेच जसंच्या तसं लावू नये, इथे माती धरण्याचं मोठं काम गवताच्या मुळांचं आहे.

प्राणी. रेनडिअरचं हिवाळ्यातलं मुख्य खाणं क्लॅडोनिया हे शैवाक. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर शैवाकांनी हवेतलं किरणोत्सारी सीझियम शोषलं आणि ते रेनडिअरच्या मांसातून उत्तर युरोपातल्या, रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या ताटापर्यंत गेलं. हिमालयात कस्तुरीमृग, चीनच्या युनानमध्ये नकट्या नाकाची माकडं शैवाकं खातात. काही पतंगांच्या अळ्या, गोगलगायी, माइट यांचं पोट यावर चालतं. लहान गोमेट हा पक्षी घरट्याला बाहेरून कोळ्याच्या जाळ्याने शैवाकाचे तुकडे चिकटवतो, फांदीतच मिसळून जातं ते घरटं.

हवेची खूण. शैवाकाला मुळं नाहीत, वरची राखणारी मेणाची साल नाही, जे काही हवेत नि पावसात येतं ते अंगभर शोषलं जातं. कोळशाच्या धुरातल्या सल्फर डायॉक्साइडने आतलं शैवाल आधी मरतं, म्हणून गिरण्यांच्या शहरांत मधोमध शैवाक नसलेला पट्टा तयार व्हायचा. हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी १९७० मध्ये इंग्लंडसाठी जातींवरून प्रदूषणाची पायरी ठरवणारी पट्टी दिली. ती भारतात तशीच चालत नाही कारण जाती वेगळ्या. आपल्याकडे मैदानी शहरांत आंब्याच्या खोडावर दिसणारं पिक्सीन कोकोइस हे धूर सोसणारं शैवाक हवेतले धातू मोजायला वापरतात. या विषयाचा भारतातला पाया धरणीधर अवस्थी यांनी लखनौत घातला, महाराष्ट्रात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पटवर्धन, मखीजा यांचं काम मोठं आहे, विशेषतः सह्याद्रीतल्या कवची जातींवर.

तोडणी. बाजारातलं बरंचसं दगडफूल झाडांच्या सालीवरून खरवडलेलं असतं, उत्तराखंडात ते बांजाच्या म्हणजे ओकच्या झाडांवरून काढतात आणि तिथे त्याला झूला म्हणतात. मुख्य जात पार्मोट्रेमा, पण पोत्यात रामालिना, उस्निया अशा दुसऱ्याही मिसळलेल्या असतात. पानासारख्या जाती वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात, त्यामुळे एकदा साफ केलेली फांदी लवकर भरत नाही. वाऱ्याने पडलेल्या फांद्यांवरचं वेचणं त्यातल्या त्यात बरं. आणि शिसं वगैरे धातू शैवाक साठवून ठेवतं म्हणून हायवेकडेच्या झाडांवरचं काढून मसाल्यात घालू नये.