मायकेलअँजेलोचा डेव्हिड उघड्यावर का उभा राहिला?

इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या सरकारने 1416 मध्ये शिल्पकार डोनातेल्लोचा संगमरवरी डेव्हिड कॅथेड्रलकडून आपल्या इमारतीत नेला आणि बायबलमधल्या धिप्पाड गोलायथला लोळवणारा हा पोरगा शहराच्या राजकारणात आला. 1494 मध्ये शहरावर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याला हाकलल्यावर त्यांच्या अंगणातला डोनातेल्लोचाच कांस्य डेव्हिडही पुढच्या वर्षी तिथेच गेला.

मायकेलअँजेलोला 1501 मध्ये आपला डेव्हिड घडवायला मिळालेला कॅरारा इथल्या संगमरवराचा ठोकळा उष्टा होता. 1464 पासून दोघांनी त्यावर हात चालवून तो सोडून दिला होता आणि नंतर सुमारे 25 वर्षे तो ऊनपावसात पडून होता. शिवाय जाडीला कमी, म्हणूनच 5.17 मीटर उंचीचा हा पुतळा बाजूने पाहिला तर भलताच सडपातळ दिसतो.

खरा घोळ झाला तो जागेवरून. मूळ बेत कॅथेड्रलवर उंच बसवण्याचा होता. 25 जानेवारी 1504 रोजी सुमारे 30 कलावंत-कारागिरांना मत विचारले गेले. कुणी कॅथेड्रलसमोरची जागा सुचवली, कुणी सरकारी इमारतीपुढची. एका वास्तुविशारदाने मात्र रोखठोक सांगितले: दगड कच्चा आहे, उघड्यावर टिकणार नाही, चौकातल्या छताच्या कमानींखाली ठेवा. लिओनार्दो दा विंचीचीही त्याला साथ होती. पुढे काही अभ्यासकांनी या सल्ल्यात मेदिचींविषयीचा कल शोधला. पण दगडाबद्दलचा मुद्दा नुसत्या राजकारणाने खोडून निघत नाही. शेवटी डोनातेल्लोचा ज्युडिथचा पुतळा हटवून डेव्हिड सरकारी इमारतीच्या दारापुढेच बसला.

14 मे रोजी तो कारखान्यातून काढताना दरवाजावरची भिंत फोडावी लागली. लाकडी सांगाड्यात दोरांनी टांगून, चरबी चोपडलेल्या 14 ओंडक्यांवरून 40 माणसांनी तो ओढला. जेमतेम अर्ध्या किलोमीटरला चार दिवस लागले. टांगल्यामुळे धक्का बसला तरी पुतळा झोका घेई, घट्ट बांधला असता तर तडकला असता. रात्री त्याच्यावर दगडफेकही झाली.

पुढे 1527 च्या दंगलीत डावा हात तुटून तीन तुकडे झाले. 1843 मध्ये आम्लाने धुऊन पृष्ठभाग खरवडला गेला, ही तर माणसांचीच करणी. 1873 मध्ये पुतळा आत हलवला. चौकात आज दिसते ती 1910 ची प्रतिकृती. 2003-04 च्या सफाईआधीही कोरडे ब्रश वापरायचे की ओले लेप लावायचे यावर जाहीर भांडण झाले. लेपवाले जिंकले. डाव्या घोट्यातल्या आणि उजव्या पायामागे कोरलेल्या झाडाच्या बुंध्यातल्या बारीक भेगांवर मात्र लेपाचा इलाज नाही. 2014 च्या एका अभ्यासानुसार पुतळा चौकात असताना पुढे कलला आणि सगळा भार तिथेच आला.