शिष्टपणा, तंत्रसमूहांतील

शिष्टपणा, तंत्रसमूहांतील : संगणकविषयक ऑनलाइन समूहांत नवख्याने प्रश्न विचारल्यावर जाणत्यांकडून येणारे तुटक, टोचरे उत्तर, किंवा उत्तरच न येणे, आणि त्यातून ‘ही मंडळी स्वतःला समजतात तरी कोण’ असे नवख्याला वाटणे. संस्कृतात ‘शिष्ट’ आणि ‘शिष्य’ हे दोन्ही शब्द ‘शास्’ या एकाच धातूपासून झाले. शिष्ट म्हणजे शिकवला गेलेला. शिष्य म्हणजे ज्याला शिकवायचे तो. मराठीने पहिल्याला ‘आखडू’ अशी जादा छटा दिली. ती उगाच दिली असेल असे वाटत नाही.

यातला बराचसा शिष्टपणा माणसांचा नसून नियमांचा असतो. २००८ मध्ये जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी सुरू केलेले स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमिंगविषयक प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ याचे ठळक उदाहरण. तिथे गप्पा अभिप्रेतच नाहीत. पुढे शोधत येणाऱ्याला उपयोगी पडेल असा प्रश्नोत्तरांचा साठा करायचा आहे. म्हणून आधी विचारला गेलेला प्रश्न ‘डुप्लिकेट’ ठरवून बंद करतात, उणे मत पडले की विचारणाऱ्याचे २ गुण कापले जातात, आणि सुरुवातीचा नमस्कार व शेवटचे ‘आगाऊ धन्यवाद’ संपादनात उडवले जातात. साठ्याच्या हिशेबाने हे योग्यच आहे. पण ‘सा. न. वि. वि.’ लिहिल्याशिवाय पत्र सुरू होत नाही असे शाळेत शिकलेल्याचा नमस्कारच कुणी खोडला, तर त्याला तो अपमान वाटणार.

गप्पांच्या खोल्यांतही उलटाच शिष्टाचार चालतो. नुसते ‘हाय’ लिहून थांबू नये, ‘एक विचारू का?’ असे विचारू नये, थेट मुद्द्यावर यावे. आपल्याकडे थेट मुद्द्यावर येणारा माणूस कामापुरता मामा ठरतो. मेलिंग लिस्टवर, म्हणजे एक मेल सगळ्या सभासदांना जाते अशा यादीवर, उत्तर मूळ मजकुराच्या खाली लिहायचे असते, आणि फोनमधले मेलचे ॲप ते वर लिहायला लावते. म्हणजे नवखा काही बोलण्याआधीच चुकलेला असतो. मग ‘आरटीएफएम’ ही चार अक्षरे तोंडावर येतात. अर्थ ‘आधी मॅन्युअल वाच’ असा. त्यातले ‘एफ’ मात्र कोशात फोडून सांगण्याजोगे नाही.

जाणत्यांची बाजूही लंगडी नाही. उत्तर देणारे बहुतेक जण बिनपगारी, नोकरी सांभाळून बसलेले असतात. ‘कोड चालत नाही, प्लीज हेल्प, अर्जंट’ एवढ्याच मजकुरावर, एरर मेसेजचा पत्ता नसताना, काय सांगणार? यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर दर सप्टेंबरला विद्यापीठांतले नवे विद्यार्थी येत आणि काही आठवड्यांत रीत शिकत. १९९३ पासून लोंढा थांबलाच नाही, म्हणून जुन्यांनी त्या काळाला ‘कधी न संपणारा सप्टेंबर’ असे नाव दिले. हॅक्टोबरफेस्ट म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांना हातभार लावण्याचा ऑक्टोबरमधला उपक्रम. २०२० साली त्यात तर टी-शर्ट मिळवण्यासाठी असंख्यांनी प्रकल्पांच्या माहितीपानात एखादा निरर्थक शब्द घुसडून बदल पाठवले. शेवटी ज्या प्रकल्पांना मान्य असेल तेच यात धरायचे, असा नियम आयोजकांना महिना चालू असतानाच करावा लागला.

पुण्यात या विषयावर बोलताना पुणेरी पाटी हटकून निघते. ती तुलना अर्धीच खरी आहे. पाटी चूक होण्याआधी, दाराबाहेर, सगळ्यांना मिळून लिहिलेली असते; ‘येथे वाहन लावू नये’ वाचून कुणी एकटा ओशाळत नाही. समूहातले उत्तर चूक झाल्यावर, एकाच्याच नावावर, चारचौघांत येते आणि गूगलवर वर्षानुवर्षे सापडत राहते.

शहरात प्रत्यक्ष भेटींचीही परंपरा आहे. ‘प्लग’ हा लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली वापरणाऱ्यांचा गट, सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत अनेक वर्षे भरलेला ‘ग्नूनिफाय’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा मेळावा, आणि पायथन या संगणकभाषेची २०११ ची पायकॉन इंडिया परिषदही पुण्यातलीच. समोरासमोर बसल्यावर मेलवरचा तोच खडूस माणूस ‘दे इकडे तुझा लॅपटॉप’ म्हणतो आणि चहा होईपर्यंत गाठ सोडवून देतो. फक्त ‘सर’ म्हटलेले त्याला खपत नाही. मराठी माध्यमातून अभियांत्रिकीला आलेल्या मुलाला तेच अवघड जाते, कारण वयाने मोठ्याला नावाने हाक मारायची त्याला सवय नसते.

२०१८ साली हा प्रश्न उघडपणे मान्य झाला. एप्रिलमध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने आपण नवख्यांचे नीट स्वागत करत नसल्याची कबुली दिली. पुढे नवी आचारसंहिता आली आणि नव्या सदस्याच्या नावाखाली तशी खूण दिसू लागली. सप्टेंबरमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी मेलमधल्या आपल्या शिवराळ भाषेबद्दल माफी मागून काही काळ काम थांबवले.

भाषेची अडचण मात्र राहिलीच. स्टॅक ओव्हरफ्लोच्या स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन आणि जपानी आवृत्त्या आहेत, मराठी नाही. त्यामुळे मराठीतले प्रश्न कॉलेजच्या व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम गटांत विचारले जातात. तिथे ‘सर’ चालते, ‘नमस्कार’ चालतो, उत्तरही प्रेमाने मिळते, आणि चार दिवसांत शेकडो संदेशांखाली गाडले जाते. पुढच्या वर्षी नवी तुकडी तोच प्रश्न पुन्हा विचारते.