फॉल्स ग्रेन, हवेतला

जानेवारीत सकाळी सातला येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभं राहिलं की खालचा धूर बघण्यासारखा असतो. गावातल्या चुलींचा, कुणी पेटवलेल्या उसाच्या पाचटाचा. थोडा वर चढतो आणि अडतो, छताला टेकल्यासारखा आडवा पसरतो. साडेनऊ-दहाला ते छत मोडतं आणि आमचे अण्णा दरवेळी तेच म्हणतात, "वारं सुटलं बघ. झाली हवा साफ."

अण्णांचं अर्धं बरोबर आहे. जुने कण पांगतात खरे. पण याच वेळेला हवेत नवे कण जन्माला येण्याची शक्यता वाढते, आणि त्यात वाऱ्याच्या खळबळीचाही हात असतो.

हवेतले कण म्हणजे कुठून तरी उडालेली धूळ, धूर, परागकण, असं आपण धरून चालतो. संख्येने बघितलं तर पुष्कळ कण कुठून उडत नाहीत, ते हवेतच वायूंपासून तयार होतात. ढगाच्या थेंबाला बसायला जो बीजकण लागतो, तसे जगभरातले जवळपास निम्मे या मार्गाने आले असावेत, असा संगणकी प्रतिकृतींचा अंदाज आहे.

कच्चा माल साधा आहे. कोळसा-डिझेलमधला गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, उन्हात त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. गोठ्यातून, युरियातून अमोनिया येतो. खानापूर-कणकुंबीकडच्या रानातली झाडं सुवासिक वायू सोडतात, तेही ऑक्सिडीकरण होऊन चिकट बनतात. हे सगळं किती विरळ असतं? घन सेंटिमीटरला सल्फ्युरिक आम्लाचे कोटभर रेणू असले तरी पुष्कळ. म्हणजे हवेच्या सुमारे अडीच लाख कोटी रेणूंमागे एक! एवढ्या गर्दीत त्यांनी एकमेकांना शोधायचं, चिकटायचं, आणि चिकटून राहायचं.

राहणंच अवघड. चार-पाच रेणूंच्या गठ्ठ्यात प्रत्येक रेणू जवळजवळ काठावरच असतो, धरायला शेजारी कमी, म्हणून तो लगेच निसटतो. गठ्ठा साधारण दीड नॅनोमीटरच्या पुढे गेला की मग जमतं. (केसाची जाडी सत्तर हजार नॅनोमीटरच्या आसपास असते.)

माझा मामेभाऊ चिकोडीकडच्या एका साखर कारखान्यात पॅनमन आहे. ही गोष्ट मला पुस्तकापेक्षा त्याच्याकडून जास्त कळली. पॅनमध्ये पाक आटवून घट्ट झाला की त्यात बारीक साखरेचं बी सोडतात. साखर त्या बियांवर चढते, दाणा मोठा होतो. पण पाक जास्तच घट्ट झाला, किंवा अचानक गार पडला, की न मागितलेले बारीक दाणे आपोआप उगवतात. त्याला ते लोक फॉल्स ग्रेन म्हणतात. दिसला की पाणी मारून विरघळवत बसायचं.

हवेतही हेच चालतं. बी म्हणजे जुने कण. ते भरपूर असले की वर सांगितलेल्या आम्लाचं आणि चिकट वायूंचं बाष्प त्यांच्यावरच चढून संपतं. नवा कण म्हणजे फॉल्स ग्रेन. आणि पाक अचानक गार पडणं हे काम हवेत भोवरे करतात.

रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवाही गार, वरची उबदार. धुराचं छत ते हेच. ऊन पडलं की जमीन तापते, गरम हवेचे लोट उठतात आणि दुपारपर्यंत खालची एक-दीड किलोमीटर हवा ढवळून निघते. वर चढणारा लोट दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी गार होतो. गार हवेत गठ्ठ्यातले रेणू कमी निसटतात. शिवाय वर तो वेगळ्याच हवेत मिसळतो. दोन हवा अलग असताना बाष्प मुकाट असतं, मिसळल्यावर ते धरवत नाही, कारण बाष्प धरण्याची क्षमता तापमानाबरोबर सरळ रेषेत नाही, वक्र रेषेत वाढते. थंडीत तोंडातून निघणारी वाफ त्याचंच उदाहरण.

खळबळीत बाष्प सगळीकडे सारखं नसतं. त्याने काय होतं, याचं आता थोडं गणित. समजा कण जन्मण्याचा वेग बाष्पाच्या चौथ्या घाताने वाढतो. सगळीकडे बाष्प १ असेल तर वेग १. आता तेवढंच बाष्प निम्म्या हवेत १.५ आणि निम्म्यात ०.५ करा. सरासरी तीच, १. पण १.५ चा चौथा घात ५.०६, ०.५ चा ०.०६, सरासरी वेग २.५६! बाष्प रतीभर वाढलं नाही, तरी कण अडीचपट. उघड्या हवेतल्या मोजणीत सल्फ्युरिक आम्लाचा घात बऱ्याचदा एक ते दोनच निघतो. दोन धरला तर वेग सव्वापट, एक धरला तर वाढ शून्य. पण तापमानाचे चढउतार वेगळे, ते यात धरलेलेच नाहीत.

म्हणून युरोपातल्या सर्नच्या प्रयोगशाळेतलं क्लाउड हे २६ घनमीटरचं पिंप मला गमतीचं वाटतं. हवेतले कण कसे जन्मतात ते त्यात तपासतात. त्यात पंखे लावलेत, सगळीकडे मिश्रण एकसारखं राहावं म्हणून. प्रयोगाला ते हवंच. पण गडावरची हवा तशी एकसारखी कधीच नसते.

खळबळीची दुसरी बाजूही आहे. ती जुने कण पातळ करते, तसं बाष्पही पातळ करते. कुठला परिणाम जिंकेल ते त्या दिवशीच्या हवेवर ठरतं. फिनलंडच्या ह्युटिआलाच्या जंगलात १९९६ पासून मोजणी चालू आहे. तिथे सकाळचं ढवळणं सुरू होणं आणि नव्या कणांचा लोंढा यांची वेळ जुळलेली आढळली.

जाता जाता, तुपाच्या हवनातून टनभर ऑक्सिजन मिळतो हा निरोप आमच्या गल्लीच्या ग्रुपवर दर अमावस्येला फिरतो. तूप जळताना ऑक्सिजन खातं, देत नाही. धुराने नवे कण जन्मायचे कमी होतात हे मात्र खरं, कारण बाष्प त्या धुरालाच चिकटतं. याला शुद्धी म्हणायचं असेल तर पाचट पेटवणारा सगळ्यांत मोठा पुरोहित ठरेल.

दहाला जन्मलेला कण तासाला साधारण काही नॅनोमीटर वाढतो. त्याच्यावर ढगाचा थेंब बसायचा तर त्याला साधारण पन्नास ते शंभर नॅनोमीटर व्हावं लागतं, म्हणजे दिवसभर तरी जातो. अण्णा तोवर जेवून झोपलेले असतात, आणि कण वाऱ्याबरोबर कुठल्या कुठे गेलेला असतो.