अडथळ्यांची शर्यत

मैदानी स्पर्धांतील धावण्याचा एक प्रकार. ठरावीक अंतरावर मांडलेले सारख्या उंचीचे अडथळे आपल्याच मार्गिकेतून ओलांडत जो स्पर्धक सर्वांत कमी वेळात अंतिम रेषा गाठतो, तो विजयी ठरतो. ऑलिंपिक स्पर्धांत पुरुषांसाठी ११० मी. व ४०० मी. आणि स्त्रियांसाठी १०० मी. व ४०० मी. अशा चार शर्यती होतात व प्रत्येकीत दहा अडथळे असतात. बंदिस्त मैदानावरील ६० मी. शर्यतीत ते पाच असतात. स्टीपलचेस या अडथळे व पाण्याचा खड्डा असलेल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीतील अडथळे भक्कम असून त्यांवर पाय ठेवून पलीकडे जाता येते, त्यामुळे तिची गणना या वर्गात होत नाही.

या शर्यतीचा उगम इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला, याविषयी बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. ईटन येथील शाळेत १८३७ च्या सुमारास अशा शर्यती होत असत, हा उल्लेख सामान्यतः सर्वांत जुना मानला जातो. घोड्यांच्या अडथळा शर्यतींच्या अनुकरणातून हा खेळ निघाला असे काहीजण मानतात, तर मेंढ्यांच्या वाड्यासाठी वापरली जाणारी लाकडी फाटके ओलांडण्याच्या चढाओढीतून तो आला असे इतरांचे म्हणणे आहे. ही दोन मते परस्परांना छेद देणारी नाहीत. कल्पना घोडदौडीची आणि साधन मेंढपाळाचे, असा मेळ अधिक संभवनीय वाटतो, कारण सुरुवातीचे अडथळे म्हणजे जमिनीत ठोकलेली तशीच जड फाटके होती. ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांत १८६४ मध्ये झालेल्या सामन्याच्या सुमारास १२० यार्ड अंतर, दहा अडथळे आणि ३ फूट ६ इंच उंची हे प्रमाण रूढ झाले.

पुरुषांच्या उंच अडथळ्यांच्या, म्हणजे ११० मी. शर्यतीतील आजची चमत्कारिक वाटणारी मापे याच प्रमाणावरून आली आहेत. प्रारंभरेषेपासून पहिला अडथळा १३.७२ मी. म्हणजे १५ यार्डांवर असतो, दोन अडथळ्यांमधील अंतर ९.१४ मी. म्हणजे १० यार्ड असते आणि उंची १.०६७ मी. म्हणजे साडेतीन फूटच राहिली आहे. मूळ शर्यतीत शेवटच्या अडथळ्यानंतरही १५ यार्डच उरत असत. १२० यार्ड म्हणजे १०९.७३ मी. होतात. शर्यत ११० मी. केल्यावर अडथळ्यांची मांडणी न हलवता वाढीव अंतर अखेरच्या टप्प्याला जोडण्यात आले, आणि तो टप्पा १४.०२ मी. झाला. स्त्रियांच्या १०० मी. शर्यतीची आखणी पुष्कळ नंतरची असल्याने तिची अंतरे मीटरमध्येच ठरली : आरंभी १३ मी., मध्ये ८.५० मी. आणि शेवटी १०.५० मी. तिच्या अडथळ्याची उंची मात्र ०.८३८ मी., म्हणजे पुन्हा २ फूट ९ इंचच आहे. ४०० मी. शर्यतीत ही अंतरे दोघांनाही सारखी, अनुक्रमे ४५, ३५ व ४० मी. असून उंची पुरुषांसाठी ०.९१४ मी. व स्त्रियांसाठी ०.७६२ मी. असते.

अडथळा ओलांडण्याच्या आधुनिक पद्धतीचे श्रेय कोणाला द्यावे, हा वादाचा विषय आहे. आरंभीचे धावपटू प्रत्येक अडथळ्यापाशी उंच उडी घेत व पलीकडे उतरताना त्यांची गती मोडत असे. ऑक्सफर्डच्या क्रूम या खेळाडूने १८८५ च्या सुमारास पुढचा पाय सरळ लांबवून व धड पुढे झुकवून अडथळा ओलांडला, असे ब्रिटिश परंपरेतील लेखक सांगतात. अमेरिकन लेखक हा मान ॲल्व्हिन क्रेन्झलाइनला देतात. त्याने १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ११० मी. व २०० मी. या दोन्ही अडथळा शर्यती जिंकल्या. (२०० मी. शर्यतीत कलकत्त्यात जन्मलेला धावपटू नॉर्मन प्रिचर्ड दुसरा आला. ही शर्यत १९०४ नंतर ऑलिंपिकमधून वगळण्यात आली.) कालक्रम पाहता पद्धतीचा प्रारंभ क्रूमकडे आणि तिचा प्रसार क्रेन्झलाइनकडे जातो, असे मानणे सयुक्तिक ठरेल.

पद्धतीच्या विकासात अडथळ्याच्या रचनेचाही मोठा वाटा आहे. ठोकलेल्या फाटकांवर पाय आपटला तर दुखापत ठरलेली, म्हणून धावपटू गरजेपेक्षा उंच उडत. पुढे उलट्या टी-आकाराचे सुटे अडथळे आले, पण तेही जड असत आणि कलंडताना वर उचलले जाऊन धावपटूच्या पायांत येत. १९३५ च्या सुमारास एल-आकाराचा अडथळा प्रचारात आला. अमेरिकन प्रशिक्षक व १९०४ चा ऑलिंपिक विजेता हॅरी हिलमन याचे नाव त्याच्याशी जोडले जाते. याचे तळपाय, म्हणजे जमिनीवर टेकणारे आडवे पाय, धावपटू ज्या बाजूने येतो त्या बाजूला असतात, त्यामुळे धक्का लागताच तो पुढे लवून वाटेतून दूर होतो. अडथळा उलटा मांडला गेल्यास हा गुण नाहीसा होतो व तो धोकादायक ठरतो, म्हणून सरावातही मांडणी तपासून घ्यावी लागते. अडथळ्याचे वजन किमान १० किग्रॅ. असते. वरच्या पट्टीच्या मध्यावर ३.६ ते ४ किग्रॅ. एवढा आडवा जोर दिल्यावरच तो कलंडला पाहिजे असा दंडक असून, उंची बदलली की तळपायांतील वजने सरकवून हा तोल पुन्हा साधला जातो.

अडथळा पाडण्यासंबंधीचे नियमही याच काळात सैल झाले. पूर्वी तीन अडथळे पाडणारा स्पर्धक बाद होई आणि एकही अडथळा पडला तर विक्रम मान्य होत नसे. १९३२ च्या लॉस अँजेलिस ऑलिंपिकमध्ये आयर्लंडचा बॉब टिस्डल ४०० मी. शर्यत त्यावेळच्या जागतिक विक्रमापेक्षा कमी वेळात जिंकला, परंतु शेवटचा अडथळा पडल्यामुळे विक्रम दुसऱ्या आलेल्या ग्लेन हार्डिनच्या नावावर नोंदला गेला. आज अडथळा पडणे हा स्वतःहून दोष नाही. पट्टीला लागलेल्या धक्क्याने गती कमी होते, हीच पुरेशी शिक्षा समजली जाते.

दोष ठरतो तो अन्य बाबतींत. अडथळा ओलांडण्याच्या क्षणी पाय किंवा पाऊल अडथळ्याच्या बाजूने, वरच्या पट्टीच्या पातळीखालून गेल्यास स्पर्धक बाद होतो. अडथळा हाताने वा धडाने पाडणे किंवा सरकवणे, तसेच आपल्या वा शेजारच्या मार्गिकेतील अडथळा पाडून दुसऱ्याला अडचण करणे हेही नियमबाह्य आहे. २०११ च्या देगू येथील जागतिक स्पर्धेत ११० मी. शर्यत प्रथम संपवणाऱ्या क्यूबाच्या डेरॉन रोब्लेसचा हात शेजारून धावणाऱ्या लिऊ श्यांगला लागला. पंचांनी रोब्लेसला बाद ठरवले व सुवर्णपदक जेसन रिचर्डसनला मिळाले. दोन धावपटूंचे पुढचे पाय वेगळे असले की शेजारचे हात अडथळ्यावर एकमेकांकडे येतात आणि असे प्रसंग उद्भवतात. चुकीच्या प्रारंभाविषयीचे नियम इतर वेगवान शर्यतींप्रमाणेच आहेत. १०० व ११० मी. शर्यतींत पाठीमागचा वारा सेकंदाला २ मी.पेक्षा अधिक असल्यास विक्रम ग्राह्य धरत नाहीत.

तंत्राच्या दृष्टीने ही शर्यत उडीची नव्हे, धावण्याचीच आहे. अडथळ्यावरील हालचाल ही लांबवलेली ढांग ठरली पाहिजे. यासाठी उड्डाण बरेच दुरून, पुरुषांच्या शर्यतीत पट्टीच्या साधारण २ मी. अलीकडून घेतले जाते. गुडघा प्रथम वर येतो आणि मगच पोटरी पुढे उलगडते. पाय आधीच ताठ करून भिरकावला तर तो वर जातो, पुढे जात नाही. त्याच वेळी विरुद्ध बाजूचा हात पुढे येऊन धड मांडीवर झुकते. मागच्या पायाचे काम अधिक नाजूक असते. तो गुडघ्यात दुमडून बाजूने, मांडी जवळजवळ जमिनीस समांतर ठेवून पट्टीवरून आणला जातो. चवडा बाहेर वळवला नाही तर पावलाचे टोक पट्टीत अडकते. पट्टी मागे पडल्यावर गुडघा काखेखालून उंच पुढे खेचला, तरच पहिली ढांग पुरेशी पडते. नवशिक्यांमध्ये हा पाय अर्ध्यावर सोडून देण्याची खोड सर्रास आढळते. त्यामुळे शरीर वळते आणि पुढच्या अडथळ्याचे अंतर चुकते. पुढचा पाय पट्टीपलीकडे सुमारे सव्वा ते दीड मीटरवर चवड्यावर उतरतो. उतरताना कंबर पावलाच्या मागे राहिली, तर गतीला खीळ बसते.

दोन अडथळ्यांच्या मध्ये नेमक्या तीन ढांगा टाकायच्या असतात. उड्डाण व उतरणे यांचे अंतर वजा केल्यास पुरुषांना त्यासाठी सुमारे साडेपाच ते सहा मीटर उरतात. मोकळ्या धावेत हेच धावपटू याहून बऱ्याच लांब ढांगा टाकतात. म्हणून येथे गती ढांग वाढवून मिळत नाही, पावले झपाझप टाकूनच मिळवावी लागते. तिन्हींपैकी पहिली ढांग सर्वांत आखूड व दुसरी सर्वांत लांब असते, तर तिसरी उड्डाणाच्या तयारीसाठी किंचित आवरती घेतात. पहिल्या अडथळ्यापर्यंत आठ ढांगा टाकण्याची प्रथा दीर्घकाळ होती. अलीकडे अनेक आघाडीचे पुरुष धावपटू सात टाकतात. २०१२ मध्ये ब्रसेल्स येथे १२.८० सेकंदांचा विक्रम करणाऱ्या एरिस मेरिटने त्याच वर्षासाठी हा बदल केला होता. स्त्रियांच्या शर्यतीत अडथळा कमरेच्या मानाने बराच खाली असल्याने धड कमी झुकवावे लागते आणि वेगाचे महत्त्व वाढते. १९३२ ते १९६८ या काळात ऑलिंपिकमध्ये ती ८० मी. होती. १९७२ पासून १०० मी.ची शर्यत सुरू झाली.

४०० मी. शर्यतीत ढांगांचा हिशेब हाच मुख्य प्रश्न असतो. एडविन मोझेसने सर्व अडथळ्यांमध्ये तेरा ढांगांचा क्रम अखेरपर्यंत टिकवून १९७७ ते १९८७ या काळात सलग १२२ शर्यती जिंकल्या. थकव्याने ढांग आखडली की तेरावरून चौदा किंवा पंधरावर यावे लागते. चौदा ढांगांत उड्डाणाचा पाय बदलतो, म्हणून दोन्ही पायांनी अडथळा घेण्याचा सराव आवश्यक असतो. वळणावर डावा पाय पुढे असणे सोयीचे ठरते. धावपटूला मार्गिकेच्या आतील कडेजवळून धावता येते, तर उजवा पुढे असल्यास मागून येणारा डावा पाय अडथळ्याबाहेरून खाली जाऊन नियमभंग होण्याची भीती राहते. स्त्रियांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये १९८४ साली आली. त्यावेळी मोरोक्कोची नवाल एल मुतवाकेल पहिली आली व पी. टी. उषाचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. नॉर्वेचा कार्स्टन वारहोल्म (४५.९४ सेकंद, टोकियो, २०२१) व अमेरिकेची सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोन (५०.३७ सेकंद, पॅरिस, २०२४) यांनी या शर्यतीचे विक्रम ऑलिंपिक अंतिम फेरीतच नोंदवले.