जुनी सेडान विकताय? आम्ही किंमत कशी काढतो ते आधी वाचा

दहा-बारा वर्षं वापरलेली सेडान घेऊन येणाऱ्या ग्राहकांच्या हातात बहुतेक वेळा विम्याची पॉलिसी असते आणि बोट आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, आकड्यावर असतं. तो आकडा विक्रीची किंमत नव्हे. पहिली पाच वर्षं आयडीव्ही ठरलेल्या घसाऱ्याने निघतो. पाचव्या वर्षी तो नव्या किमतीच्या ५० टक्क्यांवर येतो. त्यानंतर विमा कंपनी आणि मालक आपसांत ठरवतील तो आकडा. हप्ता कमी बसावा म्हणून कुणी तो खाली आणतं, कुणी चढा ठेवतं. गाडी घेणारं गिऱ्हाईक त्या आकड्याकडे बघतही नाही. मोबाइलवरच्या जाहिरातींचंही तसंच: तिथे मागितलेली किंमत दिसते, हातात पडलेली दिसत नाही.

आम्ही काय करतो? तेच मॉडेल, तेच इंधन आणि जवळपास तेच वर्ष असलेली गाडी कोल्हापूर-सांगली भागात अलीकडे प्रत्यक्षात कितीला गेली, ते धरतो. मग नव्या मालकाला पहिल्या वर्षात जो खर्च करावाच लागणार, तो त्यातून वजा करतो. समजा, अशा गाड्या ३ लाखांना जातात. तुमच्या गाडीला चार टायर हवेत (२२,०००), क्लच संपत आलाय (१५,०००) आणि खड्ड्यात पुढून खडखड येते, म्हणजे सस्पेन्शनचं काम आहे (८,०००). उरले २ लाख ५५ हजार. आकडे उदाहरणाचे आहेत, हिशोब मात्र असाच होतो आणि तो कागदावर लिहून तुमच्या हातात देतो.

टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूवरचे चार अंक बघा. ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. त्याचं रबर आता कडक झालेलं असणार. गगनबावड्याच्या घाटात नेहमी जा-ये करणाऱ्या गाडीचा क्लच आणि ब्रेक आम्ही जरा जास्तच वेळ तपासतो.

पण आपल्याकडे सगळ्यात मोठा प्रश्न पुराचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापूर शहरातल्या वस्त्यांत शिरलं. सेडान बुटकी, त्यामुळे तिच्या सीटपर्यंत पाणी लवकर पोचतं. त्याआधीची गाडी असेल तर गिऱ्हाईक हे विचारणारच. आम्ही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाण्याची रेघ बघतो. डिकीत स्टेपनी काढून खालचा गाळ, सीटच्या रुळांवरचा गंज, कार्पेटखालचे वायरिंगचे जोड हेही बघतो. जोड हिरवट पडले असतील तर आज सगळं चालू असलं तरी पुढे कधी काय बंद पडेल ते सांगता येत नाही. इंजिनात पाणी असताना कुणी स्टार्टर मारला असेल तर नुकसान आणखी खोल असतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

गाडी पुरात सापडली असेल तर कृपा करून सांगा. दुरुस्तीची बिलं आणि विम्याच्या दाव्याचे कागद असतील, तर अशी गाडीही विकली जाते, कमी पैशांत पण सरळ. लपवलेला पूर चार महिन्यांनी भांडण होऊन तुमच्याच दारात येतो. गाडी पुरात नव्हतीच, तर त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतरची सर्व्हिसची बिलं शोधून आणा. शंका फेडायला त्यांच्यासारखा कागद नाही.

विकण्याआधी रंग मारून आणू नका. नवा रंग दिसला की आम्हीच नव्हे, गिऱ्हाईकही पत्र्याखाली पुट्टी शोधतं. पार्किंगमध्ये लागलेला ओरखडा ओरखडा म्हणूनच राहू द्या. तो पैसा सर्व्हिसिंगला लावा.

कंपनीचाही परिणाम होतो. शेवरलेने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या काही सेडान आजही उत्तम चालतात, आणि त्यांना मिळणारा भाव बघून आम्हालाच वाईट वाटतं. पण पार्ट मिळतील का, ही धास्ती भाव पाडतेच.

वयाचं म्हणाल तर, दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आणलेल्या बंदीचा नियम इथे लागू नाही. आपल्याकडे खरा उंबरठा पंधराव्या वर्षाचा. तेव्हा आरसीचं (नोंदणी प्रमाणपत्राचं) नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर असं सगळं येतं. म्हणून चौदाव्या वर्षात आलेली गाडी विकायचीच असेल तर रेंगाळू नका.

आमच्यासारख्या व्यावसायिकाला गाडी दिलीत तर थेट गिऱ्हाइकापेक्षा थोडे कमी मिळतील. खरेदी-विक्रीतल्या फरकावर आम्हाला १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, शिवाय गाडी पडून राहण्याची जोखीम आमची. वेळ असेल तर ओळखीत आधी विचारून बघा.

येताना आरसी, पॉलिसी, सर्व्हिसची बिलं आणि दुसरी किल्ली आणा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ लागेल. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसून तुमचा असतो, तो राखून ठेवल्याचं पत्र विमा कंपनीकडून घ्या. गाडी कुणालाही द्या, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नाव बदलल्याची खात्री करा. आरसीवर तुमचं नाव आहे तोवर त्या गाडीचं चलन आणि अपघाताची नोटीस तुमच्याच पत्त्यावर येईल.